वनाचे मुद्दल आणि वनाचे व्याज

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गाच्या अंगाने बीरगांव वसलेले आहे. नावाने गाव असले तरी उरला व सिलतरा येथील कारखान्यांच्या शेजारामुळे ते आज दाट वस्तीचे औद्योगिक नगर बनले आहे. लोखंडाच्या भट्ट्या, पोलादी सळयांचे कारखाने आणि मालमोटारींची अखंड वर्दळ यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाला वनाची आठवण व्हावी, असे तेथे काही दिसत नाही. तथापि या नगराचे वनाशी असलेले नाते दृष्टीआड असले तरी तुटलेले नाही.

या नात्याचा पहिला धागा पाण्याचा. महानदीचा उगम रायपूरच्या दक्षिणेस, धमतरी जिल्ह्यातील नगरी-सिहावा परिसराच्या डोंगराळ वनप्रदेशात होतो. त्याच नदीवर धमतरीजवळ गंगरेल धरण बांधलेले असून उन्हाळ्यात रायपूर परिसराची तहान भागविण्यासाठी त्या जलाशयातून पाणी सोडण्यात येते. दुसरा धागा माणसांचा. वनाच्या आधाराने जगणाऱ्या कुटुंबांस जेव्हा गावी वर्षभर पोट भरणे अशक्य होते, तेव्हा त्यांतील तरुण माणसे कामाच्या शोधात अशाच औद्योगिक वस्त्यांकडे वळतात. डोंगरावरचे वन नीट राहिले तर खालच्या जलाशयात गाळ कमी येतो आणि वरच्या गावातील माणसास गाव सोडण्याची पाळी कमी येते. म्हणून वनाची व्यवस्था कोणी व कशी करावी, हा प्रश्न जितका सिहाव्याच्या डोंगरातील गावाचा आहे, तितकाच तो बीरगांवच्या नळाचाही आहे.

कच्ची चारोळी कोण तोडतो?

छत्तीसगडच्या एकूण भूमीपैकी सुमारे ४४ टक्के भूमी वनक्षेत्र म्हणून नोंदलेली आहे. या वनांतून मिळणाऱ्या लाकडाचा विचार आपल्या मनात प्रथम येतो. परंतु वनवासी कुटुंबाच्या दृष्टीने लाकडापेक्षाही महत्त्वाच्या अशा पुष्कळ वस्तू आहेत. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली पडणारी मोहाची फुले, वैशाखाच्या उन्हात खुडली जाणारी तेंदूची पाने, चारोळी, चिंच, आवळा, हिरडा, लाख, मध, सालाच्या बिया आणि बांबू या सर्वांस शासकीय परिभाषेत ‘गौण वनोपज’ म्हणतात. हे विशेषण फसवे आहे. शेतीचे धान्य संपत आलेले असते व पाऊस अद्याप दूर असतो, अशा नेमक्या महिन्यांत ज्या वस्तूमुळे घरात पैसा येतो, ती वस्तू त्या घरापुरती तरी गौण नव्हे. तेंदूच्या पानांचेच उदाहरण घ्या. छत्तीसगडात ५० पानांची एक गड्डी व अशा १००० गड्ड्यांचा एक मानक बोरा धरतात. म्हणजे एका बोऱ्यासाठी ५०,००० पाने एकेक करून हाताने खुडावी लागतात. हे श्रम प्रायः स्त्रियांचे असतात.

या वस्तूंच्या संग्रहात एक चमत्कारिक गोष्ट आढळते. चारोळीचे फळ पूर्ण पिकू दिले तर त्यातील बी भरते व त्यास चांगला भाव येतो, हे वनवासी माणसास पुस्तक वाचून शिकावे लागत नाही. असे असूनही अनेक ठिकाणी चारोळी कच्चीच तोडली जाते. कित्येकदा तर फळासाठी फांदीच तोडली जाते. आवळ्याच्या नशिबीही हेच येते. हे अज्ञान म्हणावे काय? वस्तुतः येथे अज्ञानापेक्षा हिशेब अधिक आहे. आज आपण फळ सोडले तर उद्या ते दुसरा कोणीतरी नेईल, अशी ज्यास खात्री वाटते, त्याच्या दृष्टीने फळ पिकण्याची वाट पाहणे म्हणजे ते गमावणेच होय. वाट पाहण्याचा लाभ वाट पाहणाऱ्यासच मिळेल, अशी व्यवस्था नसेल तर ज्ञान असूनही ते निष्फळ ठरते.

मोहाच्या झाडाखाली पालापाचोळा जाळण्याची रीतही अशीच आहे. जमीन स्वच्छ झाली की फुले वेचणे सोपे जाते, म्हणून आग लावतात. ती पसरली म्हणजे कोवळी रोपे जळतात व पाऊस शोषून घेणारा पाल्याचा थर नाहीसा होतो. मग उघड्या मातीवर पावसाचे थेंब आदळतात आणि माती ओढ्यावाटे जलाशयाकडे वाहू लागते. पाला झाडून घेणे किंवा झाडाखाली जाळी अंथरणे हे उपाय आहेत. मात्र ज्या झाडाखाली जाळी अंथरावयाची, ते झाड पुढील वर्षीही आपल्याच वाट्याचे राहील, असा भरवसा त्यासाठी हवा.

बांबूचे गणित

वनातून किती घ्यावे आणि किती ठेवावे, हे समजण्यास बांबूसारखे दुसरे उत्तम उदाहरण नाही. बांबू हा लोकव्यवहारात वृक्षासारखा वापरला जात असला तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो गवताच्या कुळातील आहे. त्याचे खरे शरीर जमिनीखाली असते. तेथील आडव्या खोडापासून पावसाळ्याच्या आरंभी कोंब फुटतात. कोंब ज्या जाडीचा बाहेर येतो, जवळजवळ त्याच जाडीचा तो कायम राहतो, आणि एका हंगामातच त्याची उंची पूर्ण होते. मात्र उंची पूर्ण झाली म्हणजे बांबू तयार झाला असे नव्हे. त्याच्या भिंती कठीण होऊन तो उपयोगास येण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. मध्य भारतातील वनांत विपुल आढळणारा मानवेल हा बांबू याच प्रकारे वाढतो.

नव्या कोंबास स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. ते त्यास जमिनीखालच्या खोडातून, म्हणजेच शेजारच्या वयस्क बांबूंच्या पानांनी साठविलेल्या शिदोरीतून मिळते. यावरून तोडीचे नियम आपोआप निष्पन्न होतात. पावसाळ्यात तोड करावयाची नाही. एकदोन वर्षांचे कोवळे बांबू तोडावयाचे नाहीत. नव्या बांबूंना आधार व अन्न मिळावे म्हणून बेटात काही जुने बांबूही राखावयाचे. बेटाच्या परिघावर नवे कोंब येतात, म्हणून तो परीघ मोडावयाचा नाही. एका बाजूने आत शिरून घोड्याच्या नालेच्या आकाराने मधले पक्व बांबू काढावयाचे. तोड जमिनीलगत, परंतु खालचे एक पेर शाबूत ठेवून, स्वच्छ धारेने करावयाची. आणि एकदा तोड केलेल्या भागास तीनचार वर्षे विश्रांती द्यावयाची.

समजा, एका बेटात दरवर्षी सरासरी दहा नवे बांबू येतात. तीन वर्षांनी एकदा तोड केली, तर तीस बांबू हे त्या बेटाचे व्याज झाले. तिसांपर्यंत घेतले तर बेट जसेच्या तसे राहते. चाळीस घेतले तर वरचे दहा मुद्दलातून गेले. मुद्दल कमी झाले की पुढच्या खेपेस व्याजही कमी येते. संपूर्ण वनशास्त्राच्या शाश्वत उत्पादनाच्या तत्त्वाचा सारांश एवढाच आहे. तो समजण्यास कठीण नाही. पाळण्यास मात्र कठीण आहे, कारण आज न तोडलेल्या दहा बांबूंचे फळ हाती येण्यास तीन वर्षे थांबावे लागते. ठराविक मुदतीचा ठेका घेतलेल्या व्यापाऱ्यास आणि रोजंदारीवर तोड करणाऱ्या मजुरास असे थांबण्याचे काही कारण नसते.

कायद्याची वाटचाल

वनांवर गावाचा अधिकार असावा काय, हा वाद नवा नाही. १८६४ साली हिंदुस्थानच्या वनविभागाचे प्रमुख झालेले जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस यांनी गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने असावीत, असे मत मांडले होते. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ग्रामवनाचे प्रकरण आहे. परंतु प्रत्यक्षात त्याचा उपयोग फारच थोड्या ठिकाणी झाला. बहुतेक वने राखीव अथवा संरक्षित म्हणून शासनाच्या ताब्यात गेली.

रायपूर आणि चांदा हे जिल्हे त्या काळी एकाच मध्य प्रांतात, नागपूरच्या अधिकाराखाली होते. येथील गावकऱ्यांस जवळच्या वनातून घरगुती गरजेपुरते सरपण, बांबू, गवत व इमारती लाकूड नेण्याची मुभा होती. तिला ‘निस्तार’ असे नाव होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी नष्ट झाली आणि त्यांच्या ताब्यातील वनेही शासनाकडे आली. निस्तार कागदोपत्री राहिला खरा. परंतु मुभा देणारा ती काढूनही घेऊ शकतो, आणि वनाची निगा राखण्याचा निर्णय तर गावाकडे नव्हताच.

१९७० नंतरच्या दशकांत मार्ग बदलू लागला. पश्चिम बंगालमधील आराबारी येथे वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी गावकऱ्यांस उत्पन्नाचा वाटा देऊन उजाड सालवन पुन्हा उभे करून दाखविले. १ जून १९९० रोजी केंद्र शासनाने संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले. तथापि तेथेही गाव भागीदार होते, धनी नव्हते. निर्णायक पाऊल पडले ते २००६ च्या वनाधिकार कायद्याने. या कायद्याने पारंपरिक हद्दीतील सामूहिक वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला, गौण वनोपजावर तिची मालकी मान्य केली आणि बांबूचा समावेश स्पष्टपणे गौण वनोपजात केला. १९२७ च्या अधिनियमाने बांबूस वृक्षांत गणले होते. ऐंशी वर्षांनी वनस्पतिशास्त्र आणि कायदा यांचा मेळ बसला.

मेंढा गावाचा प्रयोग

या कायद्याचा अर्थ प्रथम ज्यांनी व्यवहारात उतरविला, त्यांत महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे नाव अग्रभागी आहे. छत्तीसगडच्या सीमेस लागून असलेला हा जिल्हा १९८२ साली जुन्या चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून निर्माण झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा हे सुमारे शंभर घरांचे गोंड वस्तीचे गाव आहे. १९८० नंतरच्या दशकात या भागातील मोठ्या धरणांना विरोध करणारी जी लोकचळवळ झाली, तिच्यातून गावाचे कारभारी विचार करू लागले. देवाजी तोफा हे त्या गावचे पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे अभ्यासू सहकारी.

मेंढ्याची विशेषता अशी की तेथे अधिकार हाती येण्यापूर्वीच नियम आले. गावाचा निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने व्हावयाचा, आणि निर्णयाच्या आधी अभ्यासगटात त्या विषयाची सर्व बाजूंनी चर्चा व्हावयाची, अशी पद्धत गावाने घालून घेतली. दिल्ली-मुंबईचे सरकार आपलेच आहे, परंतु गावात मात्र आपण स्वतःच सरकार आहोत, अशी त्यांची भूमिका होती. मजुरीचा दहावा हिस्सा ग्रामकोशात टाकण्याचा शिरस्ता पडला. मध काढताना माशा जाळून मारण्याऐवजी पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून घ्यावयाचा व पिलांचा भाग तसाच राहू द्यावयाचा, ही रीतही गावाने स्वीकारली. पोळे वाचले की त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. येथेही मुद्दल व व्याज यांचाच विवेक आहे.

२००९ साली मेंढा व त्याच जिल्ह्यातील मर्दा या गावांस सामूहिक वनहक्काचा अभिलेख मिळाला. देशात हा मान त्यांनी प्रथम मिळविला. मेंढ्याच्या वाट्यास आलेले वन सुमारे १८०० हेक्टरांचे आहे. परंतु अधिकार मिळाला तरी एक गाठ शिल्लक होती. बांबू गावाचा, पण तो वनाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनविभागाचा! विकता येत नाही अशा वस्तूची मालकी ही केवळ नावाची मालकी होय. ग्रामसभेने हा प्रश्न धसास लावला. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबू हे गौण वनोपज समजावे, असे सर्व मुख्यमंत्र्यांस कळविले. २७ एप्रिल २०११ रोजी मेंढा येथे झालेल्या समारंभात वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढे २०१२ साली वनाधिकाराच्या नियमांतही तदनुसार सुधारणा झाली.

ते पुस्तक म्हणजे कागदाची काही पाने. पण त्यामुळे हिशेबाची दिशा पालटली. तोड करणारा, तोडीचा नियम ठरविणारा आणि बांबू विकून आलेल्या पैशाचा धनी हे तिघे प्रथमच एक झाले. आता बेटात राखलेला बांबू हा दुसऱ्याच्या लाभासाठी सोडलेला बांबू राहिला नाही.

सिहाव्याच्या डोंगरात

मेंढ्यापासून पूर्वेकडे, राज्याची सीमा ओलांडून, आपण पुन्हा महानदीच्या उगमाकडे येऊ. धमतरी हा १९९८ पर्यंत रायपूर जिल्ह्याचाच भाग होता. त्यातील नगरी तहसिलीतील जबर्रा या गावास २०१९ साली सुमारे ५३५० हेक्टर वनाचा सामूहिक अधिकार मान्य झाला. याहूनही लक्षणीय घटना ऑगस्ट २०२१ ची. खुद्द नगरी येथे नगरपंचायत आहे, म्हणजे कागदोपत्री ते शहर आहे. शहरातील रहिवाशांस वनाचा सामूहिक अधिकार देता येईल काय, अशी शंका सहजच उद्भवते. छत्तीसगड शासनाने ती बाजूस सारून तेथील सुमारे ४१०० हेक्टर वनावर नगरवासीयांचा अधिकार मान्य केला. शहरी क्षेत्रात असा अधिकार मान्य करणारे छत्तीसगड हे देशातील पहिले राज्य ठरले.

या निर्णयाचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. गावास शहराचा दर्जा मिळाला म्हणून तेथील माणसांचे मोह वेचणे थांबत नाही, की त्यांच्या स्मरणातील वनाच्या सीमा पुसल्या जात नाहीत. बीरगांवच्या बाबतीत असा प्रश्नच उरला नाही. तेथे शेताच्या जागी कारखाना आला आणि वन तर केव्हाच दूर गेले होते. नगरीच्या बाबतीत तो वेळेवर विचारला गेला, एवढाच काय तो फरक.

शंका आणि मर्यादा

सर्वांच्या मालकीचे ते कोणाच्याच मालकीचे नसते व म्हणून त्याचा नाश अटळ असतो, असा सिद्धांत अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला आणि तो पुष्कळ गाजला. सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी एक गाय वाढवीत जातो व शेवटी कुरणच संपते, असे त्यांचे उदाहरण होते. या विषयाचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले की हार्डिन यांचे कुरण म्हणजे नियम नसलेले कुरण होय. नियम असलेली सामाईक मालमत्ता शतकानुशतके टिकू शकते. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या खेड्यात, हिवाळ्यात घरच्या चाऱ्यावर पोसता येतील तितक्याच गाई उन्हाळ्यात डोंगरी कुरणावर न्याव्यात, असा नियम १५१७ पासून होता. ज्या २००९ साली मेंढ्यास अभिलेख मिळाला, त्याच वर्षी ऑस्ट्रॉम यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळावे, हा योगायोग सुखद आहे.

तथापि यावरून अभिलेख मिळताच वन सुरक्षित झाले, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. अधिकार मिळालेल्या गावासही बांबूची गणना, तोडीचे वेळापत्रक, जमाखर्चाच्या वह्या आणि आगीच्या दिवसांतील राखण ही कामे करावीच लागतात. व्यापाऱ्याशी भाव ठरविताना गाव एकटे पडले तर ते नाडले जाऊ शकते. ग्रामसभेत बोलणारे आणि न बोलणारे असे दोन वर्ग असतात. मोह व तेंदू वेचणाऱ्या स्त्रिया दुसऱ्या वर्गात राहिल्या, तर नियम करणारा आणि राबणारा यांच्यात पुन्हा अंतर पडते. मानवेलास काही दशकांतून एकदा सार्वत्रिक फुलोरा येऊन बेटेच्या बेटे वाळतात. अशा वेळी बियांपासून उगवलेल्या कोवळ्या रोपांना गुरे व आग यांपासून अनेक वर्षे जपणे ही गावाच्या निर्धाराची खरी परीक्षा असते. येथे वनशास्त्रज्ञाचे साहाय्य हवेच. फक्त तो हुकूम देणारा नसून सल्ला देणारा असला पाहिजे.

वनाविषयीचे ज्ञान आणि वनावरील अधिकार ही दोन वेगवेगळ्या खात्यांची कामे आहेत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. कच्ची चारोळी आणि राखलेला बांबू या दोन साध्या वस्तू त्याचे खंडन करतात. व्याजावर जगावे व मुद्दल राखावे, हे वनवासी माणसास ठाऊक आहे. मुद्दल त्याचे आहे, ही खात्री त्यास हवी आहे. ती ज्या गावास मिळाली, तेथील वृद्ध माणूस बेटातील कोवळ्या बांबूकडे बोट दाखवून मुलास थांबावयास सांगू शकतो. आणि तसे थांबणे डोंगरावर जेथे जेथे घडेल, तेथून खाली वाहणारे पाणी थोडे अधिक स्वच्छ होऊन बीरगांवसारख्या नगरापर्यंत पोहोचेल.